योनाची दोन डोकी

ओब्रेवीलच्या कोळणींच्या जिभेला हाड नव्हतं, ही गोष्ट बंदरावरच्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होती. त्यामुळे पारखीच्या दिवशी सकाळी चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीवर ऊन चढलं आणि नवीन खिडकी पहिल्यांदा पेटल्यासारखी उजळली, तेव्हा पहिला शब्द धर्मगुरूंचा निघाला नाही, की कारागिरांचा निघाला नाही. तो निघाला म्हाताऱ्या तिफेनच्या तोंडून.

"अगं बया! हा योना माशात जाताना टकला आणि बाहेर येताना केसाळ?" ती कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाली. "माशाच्या पोटात काय तेल लावून देतात का?"

मागच्या दहा-बारा कोळणी फिदीफिदी हसल्या. खिडकी त्यांचीच होती. मासळीबाजाराने ती चर्चला अर्पण केली होती, म्हणून सगळ्याजणी टोपल्या बाहेर ठेवून, हात धुऊन आल्या होत्या. हात धुतले तरी वास गेला नव्हता, पण त्याची लाज ओब्रेवीलमध्ये कुणाला नव्हती.

आमेलीन खांबाशी उभी होती. खिडकी तिने बनवली होती. तिफेनचं बोलणं कानावर पडलं तसं तिने वर पाहिलं.

म्हातारी खरं बोलत होती. खालच्या चौकटीत खलाशी योना संदेष्ट्याला गलबतावरून समुद्रात लोटत होते, आणि त्या योनाचं डोकं अंड्यासारखं गुळगुळीत होतं. वरच्या चौकटीत मासा त्याला किनाऱ्यावर ओकत होता, आणि तो योना खांद्यापर्यंत केस सोडून, हात जोडून, आरामात बाहेर येत होता. त्याच्याही वर, कमानीत, प्रभू कबरीतून उठत होता. खिडकी खालून वर वाचायची असते. योना तीन दिवस माशात राहिला, प्रभू तीन दिवस कबरीत राहिला. पहिली गोष्ट दुसरीची सावली. आणि माशाच्या पोटातल्या उष्म्याने योनाचे सगळे केस झडले, तो नुकत्या जन्मलेल्या मुलासारखा बोडका होऊन बाहेर आला, हे तर काचेचं काम करणाऱ्याचं शेंबडं पोरही सांगेल. जाताना केस, येताना टक्कल. असंच काढायचं असतं, आणि खिडक्यांची पारख करणाऱ्या फादर ओस्बेरांच्या चर्मपत्रावरही तसंच लिहिलेलं होतं.

डोकी अदलाबदल झाली होती.

"मालकीणबाई," तिच्या कानाशी आन्सेल पुटपुटला. काच कापण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती आणि डाव्या हाताची दोन बोटंही. "गप्प राहा. फादरांची नजर आता अधू झालीय. तीस हात उंचावरचे केस त्यांना कुठले दिसतायत?"

"फादरांची नजर अधू असेल, आन्सेल. तिफेनचा गळा अधू आहे का?"

गळा चांगला खणखणीत होता.

आमेलीनचा नवरा गोतिए गेला त्याला आज बरोबर एक वर्ष आणि एक दिवस झाला होता, आणि सगळी अडचण त्या एका दिवसातच होती. काचकारांचा रिवाज असा की विधवेने नवऱ्याची भट्टी वर्षभर चालवावी. वर्ष संपलं की दुसऱ्या दिवशी तिचं काम चर्चच्या पारखीला लागायचं. पसंत पडलं तर भट्टी, अवजारं, आन्सेलसारखे गडी, सगळं तिच्या नावावर. नापसंत झालं, खिडकी खाली उतरवायला सांगितलं, तर भट्टी नवऱ्याच्या भावाकडे जायची आणि विधवेने माहेरी जाऊन चरख्यावर बसायचं. आमेलीनला माहेर नव्हतं, आणि चरख्याचा तिला लहानपणापासून तिटकारा होता.

नवऱ्याचा भाऊ म्हणजे रनूफ. तो समोरच्याच खांबाला टेकून उभा होता. रनूफला काच कापता येत नव्हती, रंग घोटता येत नव्हता, भट्टीचा ताव ओळखता येत नव्हता, पण आयत्या बिळावरचा नागोबा व्हायला यातलं काही यावं लागत नाही. आज तो नवा अंगरखा घालून आला होता.

चूक कशी झाली ते आमेलीनला उभ्या जागी कळलं. ती दोन डोकी गोतिएने रंगवली होती. त्याच्या हातचं ते शेवटचं काम. तापाने फणफणलेला असताना तो अंथरुणातून उठून आला, बाकावर बसला, आणि एकाच नमुन्यावरून दोन्ही डोकी काढली. माणूस एकच, तर नमुना दुसरा कशाला? एकाला त्याने केस रंगवले, एक कोरं ठेवलं. मग नेहमीसारख्या काचेच्या कडेला खुणा ओरखडल्या, खालच्या चौकटीला एक रेघ, वरच्या चौकटीला दोन. तेरा वर्षांच्या संसारात त्याची खूण कधी चुकली नव्हती. पण ताप डोक्यात गेला होता, आणि रेघा उलट्या पडल्या.

बाकीची खिडकी आमेलीनने पुरी केली. मासा तिचा, गलबत तिचं, लाटांचा तो निळा रंग तिचा. सगळ्यात शेवटी तिने दोन्ही डोकी शिशाच्या पट्ट्यांत बसवली. बाहेर गारठा होता, शेडची दारं लावलेली होती, आणि आडवी पडलेली काच मुकी असते. पाठीमागून उजेड आल्याशिवाय ती बोलत नाही. वरून फटी बुजवायला चुन्याचा लेप फासला की केस काय आणि टक्कल काय, सगळं एकाच राखाडी रंगाचं. तिने खुणा पाहिल्या आणि विश्वास ठेवला. काच वर बसवताना परांच्या आणि फळ्यांनी उजेड अडवलेला होता. लेप काल धुतला, परांची काल सायंकाळी उतरवली. त्यामुळे आज सकाळचं ऊन ही पहिलीच वेळ होती.

दाराशी काठीचा आवाज झाला आणि कोळणी गप्प झाल्या.

फादर ओस्बेर आले. ऐंशीच्या घरातले, वाळक्या शेंगेसारखे, काखेत चर्मपत्राची गुंडाळी. या चर्चच्या सगळ्या खिडक्यांत काय असावं हे गेली तीस वर्षं त्यांनी ठरवलं होतं: कुठल्या चौकटीत कोण, कुणाच्या हातात काय, कुणाचा झगा कुठल्या रंगाचा. माणूस कडक होता. एकदा एका कारागिराने नोहाच्या तारवात हौसेने स्वतःची मांजर घातली, तर यांनी अख्खं तारू उतरवून त्याला हाकललं होतं. "मांजर देवाने घातली असेल, पण तुझी नव्हे," असं म्हणाले होते म्हणे.

ते बाकावर बसले, गुंडाळी मांडीवर सोडली आणि वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आमेलीनला वाटलं, आन्सेल म्हणत होता ते खरं ठरतंय. यांना दिसत नाहीये. देवा, दिसू नको देऊस.

"फादर," रनूफ पुढे झाला, आवाजात नको तितका मध घालून. "लहान तोंडी मोठा घास घेतो. पण तुमच्या चर्मपत्रात योना टकला कुठे आहे? आत जाताना की बाहेर येताना?"

"बाहेर येताना," फादर म्हणाले. "आणि मला दिसतंय, रनूफ. मी म्हातारा झालोय, मेलेलो नाही."

रनूफने मान खाली घातली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू राहिलंच.

"उलटं झालंय," फादर शांतपणे म्हणाले. "हे उतरवावं लागेल."

आमेलीन काही बोलणार तोच तिफेन मध्ये पडली.

"कशाला उतरवायचं? पैसे आम्ही मोजले, काच आमच्या नावाची, खाली आमच्या बाजाराची खूण म्हणून मासा काढलाय. आम्हाला नाही का विचारायचं?"

"तू मघाशी हसत होतीस ना गं?" फादर म्हणाले. "मी दारात ऐकलं. माशाच्या पोटात तेल लावतात म्हणून?"

"हसले होते. तोंड आहे, हसतं." तिफेन मागे हटली नाही. "पण हसून झाल्यावर नीट पाहिलं. फादर, तुम्ही कधी होडीवर गेलात?"

"नाही."

"तरीच. उन्हाळ्यात संत योहानाच्या सणाला आमचे बाप्ये होड्या काढतात ना, तेव्हा किनाऱ्यावर बसून सगळ्यांची डोकी भादरायची असतात. उवांमुळे. चार महिने होडीत एकमेकांच्या अंगावर झोपायचं, केस ठेवून कसं चालेल? सगळे टकले होऊन जातात. माझा नवराही जायचा. मी त्याला म्हणायचे, सोललेला सलगम चाललाय बघा." मागे कुणीतरी खुसखुसलं. "आणि हिवाळ्याच्या तोंडावर संत मार्टिनच्या सणाला परत येतात तेव्हा केस हे इथवर. दाढी ही इथवर. घरचा कुत्रा भुंकतो, पोरं रडतात. पण आम्ही लांबून वाळूवर बघत असतो. नीट केस कापलेला दिसला तर तो दुसऱ्या गावचा, मासे घ्यायला आलेला कुणीतरी. केसाळ दिसला की तो आपला. तो जगला. केस म्हणजे तो जगला, फादर."

ती थांबली. आवाज खाली आला.

"एक वर्ष मी संत मार्टिनपासून नाताळापर्यंत वाळूवर उभी राहिले. सगळे केसाळ आले. माझा नाही आला." तिने वर बोट दाखवलं. "तो वरचा बघा. मला तर तो घरी आलेला दिसतोय. आत जाणारा टकला, बाहेर येणारा केसाळ. आमच्यात असंच असतं. उतरवू नका."

कोळणींमध्ये कुणी हसलं नाही. एकीने नाक ओढलं. "उतरवू नका फादर," दुसरी म्हणाली, मग तिसरी. मग सगळ्याच बोलायला लागल्या आणि चर्चचा मासळीबाजार झाला.

फादर ओस्बेरांनी काठी आपटली. शांतता झाली, तेव्हा ते कुणाकडे न बघता हळूहळू बोलू लागले, जणू स्वतःशीच.

"शमशोनाचं सगळं बळ त्याच्या केसांत होतं; ते कापले, डोळे काढले, त्याला अंधारकोठडीत टाकलं. आणि शास्त्रात लिहिलंय, त्याच्या डोक्याचे केस पुन्हा वाढू लागले. अंधारात. कुणाला न कळता." ते वर बघत राहिले. "आणि अलीशा संदेष्ट्याला पोरांनी टकल्या टकल्या म्हणून चिडवलं, जशी प्रभूची क्रूसावर टवाळी झाली. म्हणजे टवाळी झालेला, उघड्या डोक्याचा आत जातो. आणि अंधारातून बळ घेऊन बाहेर येतो. हं. असंही वाचता येतं. कुणी वाचलेलं मी ऐकलं नव्हतं, पण वाचता येतं."

आमेलीनच्या जिवात जीव आला. आन्सेलने तिच्या कोपराला उरलेल्या बोटांनी हळूच दाबलं.

रनूफला मात्र घास तोंडातून निसटताना दिसत होता. "फादर, वाचता येतं ते तुम्हाला. पण वहिनींनी काय केलं ते विचारा ना. मुद्दाम केलं की चुकून झालं? चुकून झालं असेल, तर नापास. रिवाजच आहे."

फादरांनी मान वळवली आणि पहिल्यांदाच आमेलीनकडे पाहिलं.

"बरोबर विचारतोय तो. सांग, पोरी. हे तू ठरवून केलंस?"

आमेलीनच्या पाठीमागून कोळणींची कुजबुज सुरू झाली. "हो म्हण. अगं, हो म्हण ना! मुद्दाम केलं म्हण, शमशोन डोक्यात होता म्हण." आन्सेलही मान हलवत होता. सगळं ताटात वाढून ठेवलं होतं. अर्थ तिफेनने दिला, शास्त्र फादरांनी दिलं. तिने फक्त एक शब्द बोलायचा होता. हो. आणि भट्टी तिची.

दुसरीही एक वाट होती. खुणा गोतिएच्या. खरंच त्याच्या. मेलेल्या माणसाला कोण जाब विचारणार? तो तापात होता, त्याने चुकवलं, माझा काय दोष? हेही खोटं नव्हतं.

तिने वर पाहिलं. केसाळ योनाचा चेहरा खाली बघत होता. डावी भुवई किंचित वाकडी होती. गोतिए सगळ्यांच्या भुवया तशाच काढायचा, संत असो की सैतान, आणि ती त्याला चिडवायची की तुझे देवदूतसुद्धा शंका काढल्यासारखे बघतात. त्या भुवईखाली उभं राहून आपण खोटं बोलायचं, हे तिच्याने होईना. रागही आला, त्याचा, स्वतःचा, या सगळ्या रिवाजाचा. पण बोलायचं ते तिने बोलून टाकलं.

"नाही फादर. ठरवून नाही केलं. चुकलंय ते. डोकी माझ्या नवऱ्याने केली, आजारात, आणि खुणा उलट्या पडल्या. पण काच बसवण्याआधी एकेक तुकडा उजेडाला धरून बघायचा असतो, ते माझं काम. मी बघितला नाही. घाई होती, थंडी होती. चूक माझी आहे. शमशोन वगैरे माझ्या डोक्यात नव्हता. मासा एकदाचा पुरा झाला, एवढ्यानेच मला हुश्श झालं होतं."

मागे तिफेनने कपाळावर हात मारल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "गेली बया," ती म्हणाली.

रनूफने श्वास सोडला आणि अंगरखा सारखा केला.

फादर ओस्बेरांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"बरं झालं," ते म्हणाले.

"काय फादर?"

"हो म्हणाली असतीस, तर मला तुझी भट्टी काढून घ्यावी लागली असती, आणि तीही जड मनाने. चित्रात काय असावं हे चर्च ठरवतं. ते कसं असावं हे कारागीर ठरवतो. ही रेघ पूर्वजांनी आखून ठेवलीय आणि मी तीस वर्षं तिच्यावर पहारा देतोय. शास्त्र आपल्या मनाने बदलणारा कारागीर मला नको. आज योनाला केस, उद्या आदामाला पंख. त्या मांजरवाल्याला मी हाकललं ते मांजरीसाठी नव्हे, तो ठरवून करत होता म्हणून."

"मग... चुकून करणारा चालतो?" रनूफचा आवाज चिरकला.

"चुकणारा मी रोज आरशात बघतो, रनूफ. चूक केली आणि केली म्हणाली, नवऱ्याच्या कबरीवर ढकलली नाही. अशा बाईच्या हातातली काच मी डोळे मिटून घेईन. तसे ते मिटल्यातच जमा आहेत." त्यांनी चर्मपत्र उचललं. "आणि चुकीतून जे वर दिसतंय, ते तिने घातलेलं नाही आणि मीही घातलेलं नाही. कुणी घातलं, ते तुम्ही बघा. मी उतरवणार नाही. भट्टी हिची."

त्यांनी कमरेची छोटी सुरी काढली, योनाच्या ओळीतला 'टकला' हा एक शब्द खरवडला आणि फुंकर मारली. मग उठायला हात पुढे केला. रनूफ जवळ होता, म्हणून त्यालाच तो धरावा लागला. दारापर्यंत तो फादरांना घेऊन गेला आणि वाटेत त्यांनी त्याला काय काय ऐकवलं ते कुणाला कळलं नाही, पण दाराबाहेर पडताना त्याच्या नव्या अंगरख्याची ऐट पार उतरलेली होती.

आमेलीन खांबाला धरून हळूहळू खाली सरकली आणि दगडी फरशीवर बसली. जीव भांड्यात पडला म्हणतात तसा पडला. छातीवरची शिळा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं, आणि ती उचलली गेल्यावर मगच कळलं की ती किती जड होती.

"उठा मालकीणबाई," आन्सेल म्हणाला. तो रडत होता आणि हसत होता, त्यामुळे त्याचं काहीच धड दिसत नव्हतं. "भट्टी आपली राहिली. उठा ना."

"थांब रे जरा." तिफेन त्याला बाजूला सारून आमेलीनच्या शेजारी फतकल मारून बसली. मांडीवरच्या फडक्यातून तिने धुरातला मासा काढला, पावाचा तुकडा काढला आणि तिच्या हातात कोंबला. "खा. तोंड कसं पांढरंफटक पडलंय. अगं मूर्खे, मी तुझ्यासाठी एवढी बोंबलले आणि तू नाही म्हणालीस? माझा तर श्वासच अडकला होता."

"माझाही," आमेलीन म्हणाली आणि एक घास घेतला. मासा खारट होता, पाव शिळा होता, आणि इतकं चविष्ट तिने वर्षभरात काही खाल्लं नव्हतं.

घास गिळता गिळता तिने वर पाहिलं. ऊन आणखी चढलं होतं. योना पाण्यातून बाहेर येत होता, केस खांद्यावर, एक भुवई वाकडी, आणि कुणीतरी आपल्याला ओळखेल का अशा शंकेने किनाऱ्याकडे बघत होता. गोतिए गेला त्या दिवसापासून तिला रडायला सवड मिळाली नव्हती. पहिल्या आठवड्यात भट्टी विझू द्यायची नव्हती, मग शिसं आणायचं होतं, मग मासा, मग गलबत, मग लाटा. रडायचं राहूनच गेलं होतं. ते आता आलं, घास तोंडात असतानाच, मोठ्याने, लहान मुलासारखं.

कुणी तिला गप्प केलं नाही. कोळणी एकेक करून येऊन तिच्या भोवती फरशीवर बसल्या. तिफेनने तिचं डोकं आपल्या खारट वासाच्या खांद्यावर ओढून घेतलं.

"रड," ती म्हणाली. "आता काही घाई नाही."